अंगावर उड्या मारणारं मोठं पिल्लू: शिकवलं की थांबतं, सण आला की परत सुरू, असं का होतं

आधी प्रॉब्लेम नीट सांगते, म्हणजे तुमच्याकडे तोच आहे की वेगळा ते लगेच कळेल. लॅब्रॅडॉर, गोल्डन, जर्मन शेफर्ड असलं मोठ्या जातीचं पिल्लू घरी येतं, दोन महिन्यांचं असताना पोटरीला पंजे लावून उभं राहतं आणि सगळ्यांना कौतुक वाटतं, सहा महिन्यांत तेच पंजे कमरेला आणि मग छातीवर येतात. आपण शिकवतो, दोन-तीन आठवड्यांत उड्या थांबतात, घर निवांत होतं. मग एखादा सण येतो, घर पाहुण्यांनी भरतं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मी हे अशांसाठी लिहितेय ज्यांचं पिल्लू एकदा शिकलेलं आहे आणि तरी परत परत तिथेच येतंय.

आम्ही अमळनेरला राहतो. आमचा भुऱ्या पिवळा लॅब्रॅडॉर, आता चौदा महिन्यांचा, वजन ३१ किलो. त्याचं हे तीन वेळा झालं. पहिल्यांदा दिवाळीत, तेव्हा तो चार महिन्यांचा होता आणि कुणी फारसं मनावर घेतलं नाही. दुसऱ्यांदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, पंधरा-वीस बायका एकदम घरात, नवीन साड्या, आणि एकीने तो अंगावर चढल्यावर घाबरून हातातला तिळगूळच त्याच्यापुढे टाकला. आणि तिसऱ्यांदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. आमच्या खान्देशात आखाजी म्हणजे लेकीबाळी माहेरी येणार, झोके बांधणार, तशा धुळ्याहून नणंदबाई पोरांना घेऊन आल्या. सहा वर्षांचा भाचा फाटकातून मामी मामी करत पळत आला, भुऱ्या समोरून पळत गेला, दोन्ही पंजे त्याच्या खांद्यावर, आणि पोरगं मागच्या मागे ओट्याच्या पायरीवर आपटलं. कपाळाला दोन टाके पडले. त्या रात्री सासूबाई एवढंच म्हणाल्या की कुत्रा कुणाला तरी शेतावर देऊन टाका. मी त्या रात्री झोपले नाही, कारण पोराचं रक्त मीच पुसलं होतं आणि भुऱ्या पलंगाखाली बसून माझ्याकडे बघत होता, त्याला काहीच कळलं नव्हतं काय झालं ते.

नंतर एका ट्रेनरला बोलावलं. नाव सांगत नाही, गरज नाही. त्यांनी गळ्यात साखळी घातली, ती ओढली की आवळते तशी, आणि भुऱ्याने उडी घेतली की झटका. तिसऱ्या झटक्याला तो ओरडला, चौथ्याला जागेवरच लघवी झाली. ते म्हणाले बघा ताई, आता ऐकतोय, तो स्वतःला घरातला म्होरक्या समजतो, त्याला त्याची जागा दाखवावी लागते. पुढचे आठ दिवस कुणीही हात वर केला, नुसता पंख्याचं बटण दाबायला सुद्धा, की भुऱ्या डोळे मिटून मान खाली घ्यायचा. आणि फाटक वाजलं की आधी शेपूट हलवायचा तो आता गुरगुरायला लागला. हे मला उड्यांपेक्षा शंभरपट भयंकर वाटलं. उड्या मारणाऱ्या कुत्र्याला माणसं आवडतात, त्याला माणसं आली की गळा आवळतो असं शिकवलं तर तो उद्या काय करेल याचा विचार करा. ट्रेनरना दुसऱ्या दिवशीच नाही सांगितलं.

ते म्होरक्याचं जे सांगतात ना, ते सगळं जुन्या काळच्या पिंजऱ्यात कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणावरून आलंय. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech), ज्यांच्या १९७० च्या लिखाणामुळे म्होरक्यासाठीचा ‘अल्फा’ हा शब्द जगभर पसरला, त्यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे साधं कुटुंब असतं, आईबाप आणि त्यांची पोरं. आपलं पिल्लू उडी मारतं ते राज्य करायला नाही. कुत्री एकमेकांना तोंडाजवळ जाऊन भेटतात आणि आपलं तोंड पाच फुटांवर आहे, म्हणून ते वर येतं. अमेरिकेतल्या जनावरांच्या वागणुकीवर काम करणाऱ्या पशुवैद्यांच्या संघटनेनेही २०२१ मध्ये स्पष्ट म्हटलंय की शिकवताना बक्षिसावर आधारलेलीच पद्धत वापरा. छातीत गुडघा मारा, मागच्या पायावर पाय द्या असं शेजारीपाजारी सांगतील, मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लाला तर ते अजिबात करू नका, हाडं सांधे अजून कच्चे असतात.

तर मग मी वही घेतली. दहा दिवस फक्त लिहिलं, काही शिकवलं नाही. कोण आलं, भुऱ्याने उडी मारली का, आणि मारल्यावर समोरच्याने काय केलं. फक्त हे तिसरं कॉलम महत्त्वाचं आहे आणि आपण तेच कधी बघत नाही, आपण कुत्र्याकडे बघत असतो. माझ्या वहीत निघालेलं असं: माझ्यावर उडी नाही, आमच्या ह्यांच्यावर नाही, सासूबाईंवर क्वचित. रोज सकाळी दूधवाले आप्पा येतात त्यांच्यावर रोज, कारण आप्पा दोन्ही पंजे हातात धरून काय रे पहिलवान करत त्याला नाचवायचे. लेकाचे मित्र संध्याकाळी यायचे, ते हट हट करून ढकलायचे आणि पळायचे, म्हणजे भुऱ्याच्या हिशोबाने मस्त कुस्तीच. आणि सासरे, जे दिवसभर शिस्तीत असायचे, ते रात्री जेवण झाल्यावर बाजेवर बसले की त्याला मांडीवर पंजे ठेवू द्यायचे आणि भाकरीचा शेवटचा तुकडा द्यायचे.

म्हणजे भुऱ्या काही विसरला नव्हता. त्याला उडीचा पगार चालू होता. फक्त माझ्याकडून बंद झाला होता, निदान मला तसं वाटत होतं.

आणि पगार रोज मिळत नाही, कधी कधी मिळतो, ही आणखी वाईट गोष्ट आहे. मटका खेळणारा माणूस बघा, रोज हरतो, पण महिन्यातून एकदा आकडा लागतो म्हणून सुटत नाही. रोज ठरलेला पैसा मिळत असता आणि एक दिवस बंद झाला असता तर त्याने चार दिवसांत नाद सोडला असता. प्राण्यांवरही हे अगदी असंच चालतं, स्किनर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने उंदीर आणि कबुतरांवर कितीतरी वर्षं हेच तपासलं, अधूनमधून बक्षीस मिळालेली सवय सगळ्यात चिवट असते. म्हणून घरातल्या पाच जणांनी नियम पाळला आणि एकट्या आप्पांनी नाही पाळला तर पाचांची मेहनत फुकट जात नाही असं नाही, फुकट जातेच, वर सवय पक्की होते. हळदीकुंकवाचा तो एक तिळगूळ मला महागात पडला तो असाच.

पगार म्हणजे फक्त खाऊ नाही हे घरात सगळ्यांना समजावून सांगा. त्याच्या डोळ्यात बघणं हा पगार, ढकलणं हा पगार, नाही भुऱ्या खाली उतर म्हणून ओरडणं हा पण पगार, कारण त्याला लक्ष हवंय आणि ते मिळालं. उडी आली की नजर वळवायची, हात छातीशी घ्यायचे, पाठ फिरवायची, गप्प. आणि चारी पाय जमिनीला लागले त्या क्षणी वळून खाली वाकून लाड. त्या क्षणी, पाच सेकंदांनी नाही.

आता एक सांगून ठेवते, नाहीतर तिसऱ्या दिवशी तुम्ही सोडून द्याल. पगार बंद केला की आधी वाढतं. जोरात उड्या, भुंकणं, ओढणीला, पदराला तोंड घालणं. लाइट गेली की आपण बटण दोन-चार वेळा दाबून बघतो ना, तसं ते दाबून बघतंय. ह्याच दिवसांत कुणीतरी वैतागून बरं बाबा घे म्हणालं की मेलं सगळं, कारण आता त्याला कळलं की साधी उडी चालत नाही, जोरात मारली की मिळतं. आमचे हे दिवस चार-पाच होते, तुमचे जास्त असतील. ह्या दिवसांत म्हातारी माणसं आणि लहान पोरं त्याच्या आणि फाटकाच्या मध्ये येऊ देऊ नका, मधे जाळीचं दार लावा किंवा हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला, दोरी लावून हातात ठेवा.

ह्याच्या पुढचं जे आहे ते आम्हाला फार उशिरा कळलं. आमचं शिकवणं स्वतःच चुकत होतं. व्हायचं काय, भुऱ्या उडी मारायचा, मी म्हणायची बस, तो बसायचा, मी खाऊ द्यायची. मला वाटायचं वा, बसायला शिकला. तो काय शिकला तर उडी, मग बसणं, मग खाऊ. तीन पायऱ्यांचा जिना. उडी ही त्या जिन्याची पहिली पायरी झाली. खाऊ हवा असला की तो माझ्याजवळ येऊन आधी मुद्दाम हलकीशी उडी मारायचा आणि लगेच टणकन बसून तोंडाकडे बघायचा. तुमचं पिल्लू असं करत असेल, उडी मारून स्वतःच पटकन बसत असेल, तर तुमच्याकडे पण हाच घोळ आहे. उपाय असा की खाऊ उडीच्या आधी गेला पाहिजे. माणूस अजून दहा पावलांवर आहे, पिल्लू बघतंय, चारी पाय खाली आहेत, तेव्हाच शाबासकी आणि खाऊ, आणि खाऊ हातातून वर धरून नाही, जमिनीवर त्याच्या पायाशी टाकायचा. खाऊ वरून आला तर नाक वर जातं आणि नाकामागे पाय. आणि चुकून उडी झालीच तर बसल्या बसल्या लगेच देऊ नका, थोडं थांबा, दोन पावलं चाला, मग परत संधी द्या.

दुसरी बारीक गोष्ट मला वहीतूनच सापडली. उड्या फाटकात कमी होत्या, उंबऱ्याशी जास्त. का, तर आपल्याकडे माणूस घरात शिरताना चपला काढायला वाकतो. तोंड एकदम खाली येतं, हात खाली येतात, तोल एका पायावर. कुत्र्यासाठी ते आवतणच आहे. तसंच कुणी सासूबाईंच्या पाया पडायला वाकलं की हा मधे घुसायचा. परदेशी पुस्तकांत हे मला कुठे दिसलं नाही, तिकडची बरीच लोकं बूट घालूनच घरात जातात. आम्ही चपलांचं स्टँड उंबऱ्यापासून काढून बाहेर जाळीच्या पलीकडे नेलं, शेजारी एक स्टूल ठेवलं, पाहुणा बसून चपला काढतो, मग आत येतो. आणि कुणी पाया पडायला वाकणार दिसलं की मी आधीच मूठभर खाऊ दूर कोपऱ्यात फेकते आणि म्हणते शोध. पंधरा सेकंद त्याचं नाक जमिनीला. एवढ्या एका बदलाने निम्म्या उड्या गेल्या.

मग शब्दांचा गोंधळ. माझा लेक म्हणायचा सीट, मी म्हणायची बस, आमचे हे खाली बस रे, आणि सासूबाई अहिराणीत बठ. वर ट्रेनरचं डाऊन. भुऱ्या बिचारा पाच भाषा शिकत होता. घरात बसून ठरवलं की एक शब्द ठेवायचा, आणि मी ठरवत होते की आईंना बस म्हणायला शिकवू, पण सत्तरीच्या बाईला घाईत, अंगावर कुत्रा येत असताना, दुसरा शब्द सुचणार नाही. म्हणून उलटं केलं, सगळ्या घराने बठ घेतलं. सासूबाईंना ते फार आवडलं. त्यांनी स्वतःहून कमरेला खाऊची पिशवी लावायला सुरुवात केली, बठ ना रे भाऊ म्हणायच्या आणि एक तुकडा पायाशी टाकायच्या, आणि आज घरात भुऱ्या सगळ्यात जास्त त्यांचं ऐकतो. तुमच्याकडे जो माणूस शब्द बदलू शकणार नाही त्याचाच शब्द घ्या.

शिकवायचा मुख्य व्यायाम सांगते, हा रोज दोनदा, पाच-पाच मिनिटं, जास्त नाही. ओट्याच्या खांबाला दोरी, चार-पाच फुटांची, गळ्यातल्या पट्ट्याला नाही तर हार्नेसला, म्हणजे झेप घेतली तरी मानेला हिसका नाही. शेजारची बारा वर्षांची पोरगी आमच्याकडे यायची. ती दहा पावलांवरून चालत यायची. भुऱ्याचे चारी पाय खाली असतील तर येत राहायचं, पुढचा एक पाय जरी उचलला तरी तिने तिथेच वळून परत मागे जायचं, काही बोलायचं नाही. पहिल्या दिवशी तिला अकरा वेळा परत जावं लागलं. बाराव्या वेळी ती दोन पावलांवर आली आणि भुऱ्या थरथर कापत होता, मागचा भाग हलतोय, पुढचे दोन्ही पाय जमिनीला असे दाबून धरलेले की नखं फरशीवर कर्रकर्र करत होती, पण उचलले नाहीत. तिने खाली बसून त्याच्या छातीवर हात फिरवला, वरून डोक्यावर नाही, आणि एक केळ्याचा काप पायाशी ठेवला. त्याला मी डोळ्यांनी समजताना बघितलं, की ही माणसं आपल्याकडे येतात ती आपले पाय खाली असले की येतात. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की कुत्रा कुठे द्यावा लागणार नाही.

एका माणसासोबत जमलं की कुत्र्याला सगळ्यांसोबत जमलं असं नसतं हे लक्षात ठेवा. पोरगी झाली, मग पोरीचा भाऊ, मग टोपीवाले काका, मग साडीतली बाई, मग पळत येणारं पोर, मग एकदम तीन जण. प्रत्येक वेळी थोडं मागे जाऊन परत सुरू करायचं. आम्ही आधी हेच चुकायचो, घरच्या चार माणसांसोबत जमलं की सुटलं म्हणायचो आणि सण आला की एकदम वीस माणसं त्याच्यापुढे उभी करायचो. आप्पांना मी तीन दिवस हात जोडले. ते म्हणाले ताई, गरीब जनावर आहे, प्रेमाने येतं. मी म्हटलं आप्पा प्रेम खाली बसून करा. आता ते कॅन खाली ठेवतात आणि थांबतात.

खाऊ काय द्यावा हे सगळे विचारतात. आमचा निम्मा खाऊ म्हणजे त्याच्याच रोजच्या खाण्यातले दाणे, सकाळीच मोजून डब्यात काढून ठेवते म्हणजे वजन वाढत नाही. जास्त अवघड जागी, म्हणजे पाहुणे वगैरे, उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे नखाएवढे तुकडे, काकडी, गाजर, केळ्याचे काप, केळी तर आपल्याकडे जिल्ह्यात पिकतातच. शेव, फरसाण नको, मीठ-तिखट फार. शेवभाजीचा रस्सा तर नकोच, कांदा लसूण कुत्र्याला विषारी असतो, शिजवलेला सुद्धा. द्राक्षं, मनुके, चॉकलेट अजिबात नाही, पाहुण्यांच्या पोरांना हे आधी सांगून ठेवा.

आता आपल्या भागातलं एक कारण, जे बाहेरच्या सल्ल्यात सापडत नाही. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४४-४५ ला जातो. सकाळी आठनंतर पिल्लाला रस्त्यावर नेता येत नाही, हाताची उलटी बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून बघा, टेकवत नसेल तर त्याचे पंजे भाजतात. म्हणजे फिरणं बंद. दुपारी लाइट जाते, कूलर बंद, पिल्लू झोपत नाही, फरशीवर कूस बदलत धापा टाकत राहतं. आणि लहान पिल्लाला दिवसातून १८ तास सुद्धा झोप लागते, मोठं झालं तरी आपल्यापेक्षा बरीच जास्त लागते. मग संध्याकाळी सात वाजता जरा गार झालं की हे न झोपलेलं, न फिरलेलं, पंचवीस किलोचं पोर अंगात आल्यासारखं करतं आणि नेमके तेव्हाच पाहुणे येतात. आखाजीला आमच्याकडे हेच झालं होतं. त्याला आपण हट्टी म्हणतो, तो दमलेला असतो. दुपारी त्याला घरातली सगळ्यात गार खोली द्या, ओलं गोणपाट, पाण्याचं भांडं, अंधार, आणि पोरांना तिकडे जाऊ देऊ नका. पहाटे पाचला फिरवा. बाकी दिवसभर नाकाला हुंगायची जी भूक असते ती घरात भागवा, जुन्या टॉवेलच्या घड्यांत दाणे गुंडाळून द्या, खोक्यात कागदांचे बोळे आणि मधे दाणे, अंगणात दाणे पसरून द्या. वीस मिनिटं हुंगून हुंगून खाल्लं की पिल्लू आपोआप आडवं होतं. जीभ लांब बाहेर, हिरड्या लालभडक, चालताना झोकांड्या असं दिसलं तर ते ऊन लागणं आहे, लगेच सावलीत घेऊन अंगावर साधं पाणी ओतत, वारा घालत डॉक्टरकडे न्यायचं, घरी बरं होईल म्हणून थांबायचं नाही.

वयाचंही आहे. सहा महिने ते दीड वर्ष हे त्याचं सोळावं वरीस समजा. २०२० मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी लॅब्रॅडॉर, गोल्डन आणि त्यांच्या मिश्र जातींच्या कुत्र्यांवर बघितलं तर पाच महिन्यांचे असताना ऐकणारे तेच कुत्रे आठ महिन्यांचे झाल्यावर आपल्या माणसाचं बस कमी ऐकत होते, अनोळखी माणसाचं मात्र ऐकत होते. मला हे वाचून खूप धीर आला कारण भुऱ्या आखाजीला दहा महिन्यांचाच होता. ह्या वयात शिक्षा वाढवू नका, अवघडपणा कमी करा, तिसरीच्या पोराला परत दुसरीचं पुस्तक द्यावं तसं.

मोठ्या जातीचं म्हणून वेगळं बघायचं ते अंगाचं. हाडांच्या टोकांच्या वाढीच्या जागा ह्या जातींत साधारण वर्ष-दीड वर्षापर्यंत बंद होत नाहीत. गुळगुळीत टाइल्सवर मागच्या पायांवर उभं राहून घसरणं खुब्यासाठी वाईट, म्हणून उड्या फक्त पाहुण्यांसाठी नाही, त्याच्यासाठीही थांबवायच्या. जिथे तो स्वागताला पळतो तिथे सतरंजी नको, ती सरकते, रबरी मॅट किंवा ओली करून वाळवलेली जाड गोणपाटं टाका. वजन अंगावर चढू देऊ नका, बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. आणि कॅल्शियमची बाटली. दुकानदार, शेजारी, सगळे सांगतात मोठं कुत्रं आहे कॅल्शियम पाजा. लहान पिल्लाचं आतडं जास्तीचं कॅल्शियम बाहेर ठेवूच शकत नाही, ते अंगात जातं आणि हाडं वाकडी, सांधे खराब होतात. मोठ्या जातीच्या पिल्लांचं तयार खाणं देत असाल तर त्यात मोजून घातलेलं असतं, वरून काही नको. नुसत्या दूध-भाकरीवर पिल्लू असेल तर मात्र डॉक्टरांकडून सगळं खाणंच ठरवून घ्या, स्वतःच्या मनाने बाटली आणू नका.

हात चावणं हे वेगळं प्रकरण आहे, थोडक्यात सांगते. दुधाचे २८ दात चार महिन्यांच्या आसपास पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के येतात, तोवर हिरड्या शिवशिवतात. हाताऐवजी भिजवून फ्रीजमध्ये गार केलेलं फडकं द्या, जोरात लागलं तर खेळ तिथेच थांबवा, ओरडू नका. दाताने कातडी फुटली, जरा ओरखडा का असेना, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, आपलंच पिल्लू आहे म्हणून हळद लावून बसायचं नाही. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झालं की.

आणि एवढं सगळं करूनही अचानक बदल दिसला तर आधी दुखणं तपासा. शांत असलेलं पिल्लू एकदम चिडकं झालं, हात लावू देत नाही, आज पुढच्या पायाने लंगडतं आणि पुढच्या आठवड्यात मागच्या, तर वाढत्या मोठ्या पिल्लांत पॅनोस्टायटिस नावाचं हाडांचं दुखणं असतं, जर्मन शेफर्डमध्ये जास्त, ते बरं होतं पण डॉक्टरांनी बघायला हवं. गोचीड तापात पण पिल्लू मलूल आणि चिडचिडं होतं, ताप, खाणं बंद, हिरड्या पांढऱ्या पडल्यासारख्या. आणि गुरगुरणं आलं असेल तर गुरगुरण्याबद्दल शिक्षा कधीच करू नका, ती सूचना असते, ती बंद केली तर पुढच्या वेळी सूचना न देता चावेल. आमच्या भुऱ्याचं गुरगुरणं जायला दीड महिना लागला, साखळी काढल्यावर. फाटक वाजलं की खाऊ, फाटक वाजलं की खाऊ, कुणी आत येवो न येवो, एवढंच केलं.

श्रावणात कानबाईला, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या सणाला, आमच्याकडे भावकीतली तीसेक माणसं होती. भुऱ्या अर्धा वेळ गार खोलीत टॉवेल हुंगत होता, अर्धा वेळ हार्नेसमध्ये सासूबाईंच्या पायाशी. भाचा आला, कपाळावर टाक्यांची खूण अजून आहे, तो आधी लांबच उभा राहिला. मी त्याला जवळ ये म्हटलं नाही, खाऊची वाटी त्याच्याकडे दिली आणि लांबूनच टाक म्हटलं. सातव्या-आठव्या तुकड्याला त्याने स्वतःच बठ म्हटलं आणि भुऱ्या बसला, मग पोरगं येऊन त्याच्या बाजूला बसलं.

अजून एका ठिकाणी चुकतो. पावसात कुणी छत्री घेऊन आलं आणि फाटकात छत्री मिटली की त्या फडफडीला तो वर झेपावतो. ह्या आठवड्यात लेक रोज संध्याकाळी वीस पावलांवरून छत्री उघडतो, मिटतो, आणि सासूबाई ओट्यावरून खाऊ टाकतात. काल पंधरा पावलांवर आलो.